घुमा, वांड, चुणचुणीत: वर्गातल्या मुलांचा स्वभाव वाचायचा कसा?

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यातच शिक्षकाच्या मनात वर्गाची वाटणी होऊन जाते. हा चुणचुणीत, ती लाजाळू, तो वांड, हा घुमा. ही वाटणी कोणी मुद्दाम करत नाही, चाळीस पोरं समोर असली की ती होतेच. पुढं तीच प्रगतिपत्रकावर उतरते. 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' असे रकाने असतात, आणि त्यात 'शांत स्वभावाचा आहे', 'वर्गात बोलत नाही', 'खोडकर आहे' अशा नोंदी वर्षानुवर्षं पडत राहतात. पुढच्या वर्गाचे शिक्षक त्या वाचतात आणि मूल दारातून आत येण्याआधीच त्याच्याबद्दलचं मत तयार असतं.

त्यात आता मोबाइलवरच्या प्रश्नावल्यांची भर पडली आहे. दहा-पंधरा मिनिटं प्रश्नांची उत्तरं द्यायची की शेवटी चार इंग्रजी अक्षरं मिळतात आणि त्याखाली तुमच्या स्वभावाचं वर्णन. शिक्षकांच्या ग्रुपवर ही लिंक फिरते, आणि आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत कोणीतरी विचारतंच, "ही मुलांकडून भरून घेतली तर त्यांना समजून घ्यायला सोपं जाईल का?"

प्रश्न मनापासूनचा असतो. मला वाटतं त्याचं उत्तर असं आहे: स्वभावात फरक असतात आणि ते कुठले, हे शिक्षकाला माहीत असलंच पाहिजे. पण त्या माहितीचा खरा उपयोग आपल्या शिकवण्याच्या पद्धतीत कोण बाहेर राहतंय हे शोधायला होतो. मुलाला एका प्रकारात बसवायला ती वापरली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. असं का, ते समजायला या 'टाइप'चा उगम आधी बघावा लागेल.

हे प्रकार आले कुठून

माणसांचे गट पाडायची हौस फार जुनी आहे. आपल्याकडं सत्त्व, रज, तम आहेत, वात-पित्त-कफाच्या प्रकृती आहेत. ग्रीक वैद्यकात शरीरातल्या चार द्रवांवरून चार स्वभाव सांगितले जायचे. आज जी चार अक्षरं फिरतात त्यांचं मूळ मात्र स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडं जातं. 1921 साली त्यांनी मनोवैज्ञानिक प्रकारांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी तिथूनच लोकांच्या बोलण्यात आली. युंग यांचा भर होता तो माणसाची ऊर्जा कुठं वळते यावर: बाहेरच्या जगाकडं की स्वतःच्या आतल्या विचारांकडं.

युंग यांचे विचार वाचून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली रचायला घेतली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. माणसाला आपल्या वृत्तीला साजेसं काम मिळावं, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी चार जोड्या घेतल्या: अंतर्मुख की बहिर्मुख, तपशिलावर भरवसा ठेवणारा की अंदाजावर, निर्णय तर्कानं घेणारा की माणसांचा विचार करून, आणि शेवटी, सगळं आखून चालणारा की वेळ येईल तसं बघणारा. चार जोड्यांतून प्रत्येकी एक बाजू, म्हणजे एकूण सोळा प्रकार. हीच ती 'मायर्स-ब्रिग्ज' चाचणी.

वाचताना माणूस खूश होतो. आपलं वर्णन कोणीतरी नेमकं केलं असं वाटतं. पण अडचण नेमकी याच समाधानात आहे.

पन्नास टक्क्यांची रेघ

मैदानावर प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणं उभी केली तर सगळ्यांत बुटका एका टोकाला, सगळ्यांत उंच दुसऱ्या टोकाला, आणि बहुतेक पोरं मधे, एकमेकांपेक्षा बोटभर कमी-जास्त. आता मधोमध रेघ ओढून डावीकडच्यांना 'बुटके' आणि उजवीकडच्यांना 'उंच' अशी दोन जातींत वाटणी केली, तर रेघेच्या अलीकडं-पलीकडं शेजारी उभी असलेली दोन मुलं कागदावर परस्परविरुद्ध ठरतील. स्वभावाचंही असंच आहे. पूर्ण अंतर्मुख आणि पूर्ण बहिर्मुख माणसं थोडी, बाकी सगळे मधे. सोळा प्रकारांची चाचणी मात्र प्रत्येकाला रेघेच्या या किंवा त्या बाजूला ढकलते.

परिणाम असा की तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा ती प्रश्नावली भरते तेव्हा बऱ्याचदा एखादं अक्षर बदललेलं असतं. माणूस तोच असतो, फक्त रेघेच्या आसपासचा असल्यामुळं जरा इकडचा तिकडं सरकतो. मोठ्या माणसांचं हे असं, तर चौथीतल्या मुलाचं काय सांगावं. ही चाचणी चालवणारी कंपनीसुद्धा नोकरभरतीत उमेदवार निवडायला तिचा वापर करू नका, असं सांगते. मग नऊ वर्षांच्या मुलाला कुठल्या बाकावर बसवायचं हे त्यावरून ठरवणं कितपत योग्य?

मग ते वर्णन इतकं का पटतं? याचं उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 1948 साली आपल्याच विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दिलं. त्यांनी सगळ्यांकडून एक स्वभावचाचणी भरून घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात 'तुमचं खास वर्णन' दिलं. हे वर्णन किती बरोबर आहे याला शून्य ते पाच गुण द्या, असं सांगितलं. सरासरी चारच्या वर गेली. मग फोरर यांनी उलगडा केला: सगळ्यांना दिलेलं वर्णन शब्दशः एकच होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'लोकांनी आपल्याला पसंत करावं असं तुम्हाला वाटतं, पण तुम्ही स्वतःवर टीकाही करता' अशा धाटणीची वाक्यं. कोणाला लागू पडणार नाहीत ती?

म्हणून एखाद्या चाचणीचं वर्णन पटलं, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. हे शिक्षकांनी पक्कं ध्यानात ठेवावं, कारण आपल्या भागात याच भावनेवर धंदा उभा आहे. लातूर-नांदेडकडं नीट, जेईईसाठी पोरं शिकायला ठेवणारे आईबाप जीव मुठीत धरून पैसा खर्च करत असतात. त्यांना कोणी बोटांचे ठसे घेऊन 'तुमच्या मुलाचा जन्मजात कल' सांगतो, रंगीत आलेखांची फाइल हातात देतो, आणि हजारो रुपये घेतो. बोटांवरच्या रेघांवरून बुद्धी, स्वभाव किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. पालकांनी विचारलं तर शिक्षकानं हे स्पष्ट सांगावं, भीड बाळगू नये. त्या पैशात पोराचा चष्मा होतो, पुस्तकं होतात.

'कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हातानं करून' हेही त्यातलंच. प्रशिक्षणांमधून हे इतक्यांदा सांगितलं गेलं की ते सिद्ध झालेलं आहे असंच वाटतं. 2008 साली चार मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या 'शैली'नुसार शिकवलं तर त्याला जास्त कळतं, हे दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनी बघूनच शिकायचा असतो आणि कविता सगळ्यांनी ऐकायचीच असते. पद्धत विषय ठरवतो.

संशोधक आज काय मोजतात

आज मानसशास्त्रात प्रकारांऐवजी पट्ट्यांचा विचार होतो. माणसाच्या स्वभावाच्या पाच मुख्य बाजू मानल्या जातात आणि प्रत्येक बाजू कमी ते जास्त अशी सलग मोजली जाते. नव्याची ओढ आणि कल्पनाशक्ती ही एक. काम नेटानं, वेळेवर, व्यवस्थित पार पाडण्याची वृत्ती ही दुसरी. माणसांत रमणं ही तिसरी, मिळतंजुळतं घेणं ही चौथी, आणि मनाची चलबिचल, म्हणजे चिंता-भीती-चिडचिड किती लवकर होते, ही पाचवी.

यातली दुसरी बाजू, नेटकेपणाची, शाळेच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची निघाली आहे. 2009 साली आर्थर पोरोपाट या संशोधकानं अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सत्तर हजारांहून जास्त विद्यार्थी होते. नेटकेपणाचा गुणांशी संबंध आढळला, आणि तो बुद्धिमत्तेपासून बराचसा वेगळा होता. संबंध मध्यम आहे, भविष्य सांगण्याइतका पक्का नाही. पण 'हुशार आहे' या एका शब्दावर आपण जेवढं तोलतो, तेवढं तोलू नये हे त्यातून दिसतं. रोज थोडं, नेमानं करणारं पोर पुढं जातं, आणि ही सवय लावता येते. वर्गात वेळापत्रक दिसेल असं लावणं, मोठं काम छोट्या तुकड्यांत देणं, दिलेला गृहपाठ खरोखर तपासणं, यानं ती वाढते.

फक्त एक सावधगिरी. कापूस वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळून, दोन घागरी पाणी आणून शाळेत येणारी सहावीतली मुलगी गृहपाठ अर्धवट आणते. प्रश्नावलीत तिचा नेटकेपणा कमी भरेल. प्रत्यक्षात तिच्याइतकं नेटानं घर चालवणारं माणूस वर्गात दुसरं नसेल.

मला सगळ्यांत उपयोगी वाटलेलं काम मात्र याहून जुनं आहे. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं 1956 पासून शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला. मूल नव्या गोष्टीला कसं सामोरं जातं, किती हालतं-डुलतं, लक्ष किती लवकर उडतं, रुळायला किती वेळ घेतं, अशा नऊ गोष्टी त्यांनी पाहिल्या. सुमारे 40 टक्के मुलं सहज जमवून घेणारी निघाली. 10 टक्के हाताळायला कठीण. 15 टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली जवळपास 35 टक्के कुठल्याच गटात नीट बसेनात, आणि या दोघांनी ते प्रामाणिकपणे तसंच सांगितलं.

त्यांचा खरा शोध पुढं आहे. मुलाचं पुढं बरं-वाईट होतं ते स्वभाव 'सोपा' की 'कठीण' एवढ्यावरून ठरत नाही. मुलाचा स्वभाव आणि त्याच्या भोवतालच्या मोठ्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर ते अवलंबून असतं. म्हणजे कठीण वाटणारं मूल मेळ बसलेल्या घरात, वर्गात छान वाढतं, आणि सोपं मूलसुद्धा मेळ नसेल तर अडखळतं. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात फळ्यापुढं उभं करून कविता म्हणायला लावली तर ते गप्प होतं. त्यालाच आधी दोघांच्या जोडीत, मग चौघांत, मग वर्गापुढं आणलं तर दिवाळीपर्यंत ते म्हणू लागतं. स्वभाव तोच राहिला, वाट बदलली.

शिक्षकाच्या हातात नेमकी हीच गोष्ट आहे. मुलाचा स्वभाव बदलणं आपल्या हातात नाही, ते आपलं कामही नाही. मेळ बसवणं मात्र आपल्या हातात आहे.

स्वभाव दिसतो, पण तो स्वभाव असतो का

मराठवाड्यातल्या वर्गांबद्दल बोलायचं तर इथं थोडं थांबावंच लागेल, कारण परदेशात रचलेल्या कुठल्याही प्रश्नावलीत न येणाऱ्या गोष्टी आपल्याकडं स्वभावाचं रूप घेऊन समोर बसलेल्या असतात.

जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात मी बसलो होतो. तांड्यावरून येणारी एक मुलगी तिसऱ्या रांगेत, पाटीवर दोन्ही हात ठेवून. बाईंनी मराठीतून दोन-तीन प्रश्न विचारले, ती खाली बघत राहिली. बाई हळूच म्हणाल्या, "ही अशीच आहे सर, घुमी." मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत तिच्याच तांड्यावरच्या मदतनीस बाईंनी तिला विचारलं, "तारो नाम कांई छ?" तिनं मान वर केली, नाव सांगितलं, आणि मग थांबेचना. शेळीला पिल्लं झाल्याचं, त्यातलं एक काळं असल्याचं, याडी, म्हणजे आई, ते घरात झोपू देत नसल्याचं, सगळं गोरमाटी या बंजारा बोलीत, हातवारे करून. वर्गातल्या बाई ताट हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या. दुसऱ्या तासाला त्यांनी फळ्यावर शेळीचं चित्र काढलं आणि तिला म्हणाल्या, "तुमच्याकडं हिला काय म्हणतात ते सांग." मुलगी बोलली. वर्गातल्या बाकीच्या पोरांना तो शब्द म्हणून बघायचा होता.

त्या मुलीला अंतर्मुख म्हणायचं की बहिर्मुख? मराठीत घुमी आणि गोरमाटीत बडबडी असं कोणाचं मूल नसतं. तिथं भाषेची अडचण होती. बिलोली-देगलूरकडं घरात तेलुगू बोलणारी पोरं आहेत, उमरगा-उदगीरकडं कानडी, नांदेड-संभाजीनगरच्या मोहल्ल्यांत दखनी. या सगळ्यांचं शाळेतलं मौन आपण स्वभावाच्या खात्यावर टाकतो.

बीडकडं दुसरी गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, कोयत्याबरोबर पोरंही जातात. काही गावांत हंगामी वसतिगृहामुळं आजी-आजोबांजवळ राहून शाळा सुरू राहते, काही पोरांच्या हातात शिक्षण हमी कार्ड असतं आणि कारखान्याजवळच्या शाळेत ती बसतात, काही तशीच फडात. मार्च-एप्रिलमध्ये जे मूल परत येतं ते चार-पाच महिन्यांचा अभ्यास आणि वर्गातली आपली जागा, दोन्ही गमावून आलेलं असतं. ते मागं बसतं, चिडतं, मारामारी करतं. 'वांड झालाय' ही नोंद लगेच होते. मागं राहिलेल्या पोराचंही तसंच. आईबाप सहा महिने लांब असताना आठ वर्षांचं मूल 'मनमोकळं' नसेल, तर त्यात नवल ते काय?

आणि मग साध्या गोष्टी, ज्या सगळ्यांत आधी तपासायला हव्यात. फळा दिसतो का? एका कानानं कमी ऐकू येतं का? सकाळी काही खाऊन आलंय का? रात्री झोप झाली का, की पाणी शेताला द्यायच्या वेळी बापाबरोबर जागं होतं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा 'लक्ष देत नाही' असं ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या प्रत्येक मुलाचे डोळे आणि कान नीट बघायला सांगावेत. वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, तोंडी सगळं येतं पण लिहिताना काहीच नाही, असं असेल तर तो आळस नसून अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि अशा मुलांना सवलती मिळतात. 'निष्काळजी' म्हणून नोंद केली की ही वाट बंद होते.

मानसशास्त्रात या चुकीची बरीच चर्चा आहे: दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीत शोधत नाही. स्वतःला उशीर झाला की एसटी चुकलेली असते, मुलाला उशीर झाला की तो बेशिस्त असतो.

शिक्का मारला की काय होतं

1968 साली रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही मुलांची नावं दिली: ही मुलं यंदा झपाट्यानं पुढं जातील. वर्गातली साधारण पाचवा हिस्सा मुलं. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाच्या शेवटी, विशेषतः पहिली-दुसरीत, त्या मुलांची बुद्ध्यांकात वाढ इतरांपेक्षा जास्त दिसली. पुढं या प्रयोगाच्या मोजमापावर बरीच टीका झाली. नंतरच्या अनेक अभ्यासांतून निष्कर्ष असा निघतो की शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम होतो, पण एरवी तो लहान असतो. ज्यांना समाज आधीच कमी लेखतो अशा मुलांवर मात्र तो जास्त होऊ शकतो.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या घरी शिकलेलं माणूस आहे, त्या मुलाला शाळेनं 'ढ' म्हटलं तरी घरी कोणीतरी ते खोडून काढतं. ज्याच्या घरी शाळेचा शब्द हाच शेवटचा शब्द असतो, त्या मुलाला शिक्का धुवून काढायला कोणीच नसतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बहुतेक मुलं या दुसऱ्या घरांतली आहेत.

मग वर्गात करायचं काय

पहिलं म्हणजे प्रश्नावली कोणी भरायचीच असेल तर ती शिक्षकानं भरावी. मजा म्हणून का होईना, स्वतःकडं बघायला ती बरी आहे. मी स्वतः बडबड्या असेन तर मला पटापट हात वर करणारी मुलं आवडतात, गटकाम आवडतं, गोंगाट चालतो. मी शांत असेन तर मला ओळीत बसून लिहिणारी मुलं शहाणी वाटतात. आपल्यासारखी मुलं आपल्याला 'चांगली' वाटतात, आणि वर्गात तीच फुलतात. हे एकदा लक्षात आलं की मुलांना काही विचारायच्या आधी आपलं वेळापत्रक तपासता येतं: आठवड्यात बोलायचे तास किती, एकट्यानं लिहायचे किती, हातानं करायचे किती?

दुसरी गोष्ट फुकटची आहे. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेनं वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकतात. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलू लागली, एरवी गप्प बसणारीही. करून बघा. प्रश्न विचारा आणि मनात एक... दोन... तीन म्हणा. पहिल्या दिवशी तो वेळ फार मोठा वाटेल, हातवाले ओरडतील, "सर मी, सर मी!" त्यांना हात खाली ठेवायला सांगा. तिसऱ्या सेकंदाला जे डोळे वर येतात, ते तुम्ही याआधी कधी पाहिलेले नसतात.

त्याला जोडून, प्रश्न आधी वहीत लिहून विचार करू द्या, मग शेजाऱ्याला सांगू द्या, मग वर्गात. बोलक्या पोराला शेजारी मिळतो, अबोल पोराला तयारी मिळते. यात कोणाचा टाइप काय हे माहीत असायची गरजच पडत नाही, आणि हेच त्यातलं बळ आहे. चाळीस मुलांचे सोळा प्रकार शोधून सोळा तऱ्हेनं शिकवणं कोणाला जमणार, त्यातून दोन वर्ग एकत्र असतील तर? त्यापेक्षा एकाच तासात तीन वाटा उघड्या ठेवणं जमण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट नोंदींची. 'शांत स्वभावाचा आहे' या नोंदीतून पुढच्या माणसाला करायला काहीच मिळत नाही. त्याऐवजी अशी नोंद बघा: 'वर्गापुढं बोलत नाही. जोडीत बोलतो, विशेषतः गणितात. मैदानावर खो-खोत सूचना देतो. घरी आजी सांभाळते, आईवडील एप्रिलपर्यंत बाहेर.' चार ओळी, पण यात मुलगा कधी, कुठं, कोणाबरोबर कसा असतो ते आहे. 'कसा आहे' हा प्रश्न टाकून 'कधी कसा असतो' हा प्रश्न धरला की नोंद आपोआप खरी होते. बाजारात नोंदींची तयार पुस्तकं मिळतात. कामाच्या ओझ्याखाली शिक्षक ती वापरतात हे मला कळतं. चाळीस मुलांच्या अशा नोंदी एका रात्रीत होत नाहीत. पण रोज दोन मुलांकडं मुद्दाम बघायचं ठरवलं, प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत, तर महिन्याभरात वर्ग बघून होतो.

पालकांना विचारायला विसरू नये. पालकसभेत एक आई सांगत होती, "घरी तर लई बडबड करतंय बगा सर, शाळंतच का बोलंना काय की." असं वाक्य कानावर आलं की ते सोन्याचं समजावं. घरी बोलतं म्हणजे बोलता येतं. आता शाळेत काय अडतंय, एवढंच शोधायचं उरलं. तिला विचारावं घरी कशाबद्दल बोलतं, कोणाशी, कोणत्या वेळी.

एक वेगळी खूण मात्र कायम लक्षात ठेवावी, ती म्हणजे अचानक झालेला बदल. वर्षभर हसतं-खेळतं असलेलं मूल आठ-पंधरा दिवसांत गप्प झालं, जेवेना, एकटं बसू लागलं, किंवा शांत मूल एकदम अंगावर धावून जाऊ लागलं, तर ते स्वभावाचं प्रकरण नाही. घरात काहीतरी झालंय, कोणीतरी त्रास देतंय, कर्जापायी किंवा आजारपणापायी घर हादरलंय. मुलाशी एकट्यात बोलावं, घरी जाऊन यावं. मुलाला कोणाकडून धोका आहे असं वाटलं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं. दोन्ही क्रमांक ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावेत.

राहिला दाखल्याचा विषय. चौथी किंवा सातवी झाली की मूल गावची शाळा सोडून हायस्कूलला जातं. दाखल्यावर जन्मतारीख, जात, शेरा असतो, मुलाबद्दल काहीच नसतं. हायस्कूलात साठ-साठ मुलांच्या तुकडीत त्याची पुन्हा पहिल्या पंधरवड्यातच वाटणी होणार. दाखल्याबरोबर त्या चार ओळींचा कागद जोडता येतो, त्याला कुठल्या परिपत्रकाची गरज नाही. त्यात एवढंच लिहायचं: हे मूल कशानं खुलतं, कुठं अडखळतं, आम्ही काय केल्यावर जमलं. आणि मूल सहावी-सातवीचं असेल तर कागद आधी त्याला वाचून दाखवावा. ते म्हणालं, "सर, हे असं नाही," तर त्याच्यासमोर खोडून त्याचं म्हणणं लिहावं.